ग्रुपमध्ये आहे पण पार्टीला नाही, वजनामुळे?

कोपरखैरणेकर_२९

पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय २९, उंची पाच सहा, वजन ९४, आईबाबांसोबत राहतो, मी गे आहे हे घरी माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी ठाणे-नवी मुंबईच्या गे मुलांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आलो, पहिल्यांदा सगळ्यांना भेटून निघालो तेव्हा ट्रेनमध्ये एकटाच हसत होतो, इतकं हलकं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला एकाच्या फ्लॅटवर पार्टी ठरली. त्यांच्याकडे मोठा स्पीकर नव्हता म्हणून शुक्रवारी ऑफिसनंतर ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर मी माझा ब्लूटूथ स्पीकर एकाच्या हातात दिला. शनिवारी दुपारी मेसेज, "अरे जागा कमी आहे, थोड्याच जणांना बोलावलंय, राग मानू नकोस." ठीक आहे म्हटलं, इस्त्री केलेला शर्ट परत कपाटात ठेवला. रात्री स्टोरी बघितली तर वीसेक जण, सगळे जिमवाले, निम्म्यांनी शर्ट काढलेले, आणि मागे टेबलावर माझा स्पीकर, आईने त्याच्यावर चिकटवलेल्या गणपतीच्या स्टिकरसकट. नंतर कळलं की वेगळा ग्रुप आहे, त्यात फक्त 'फिट' मुलं घेतात.

डेटिंग ॲपवर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, हाय म्हटलं की लगेच "स्टॅट्स?", म्हणजे उंची-वजन किती, वजन सांगितलं की ब्लॉक. नो फॅट, नो फेम (म्हणजे बायकी वाटणारे नकोत), नो अंकल्स, हे वाचून वाचून सवय झाली. पण साधा मित्र म्हणून पण नको? त्या दिवसापासून अर्धा डबा तसाच घरी नेतोय, आई विचारते बरं नाही का. माझंच काही चुकतंय का?

ऐरोली_नाईट्स

वाईट वाटलं वाचून. पण भावा, आवड ही आवड असते, कोणाला कोण आवडावं यावर जबरदस्ती थोडीच करता येते? जिम लाव, सहा महिन्यांत हेच लोक मागे येतील.

तलावपाळी_५२

ऐरोली, त्याने कोणाकडे प्रेम मागितलंय का? कोणासोबत झोपायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यावर कोणाचंच काही म्हणणं नाही. पण चहाला कोणाला बोलवायचं हे पण पोट बघून ठरवायला लागलो तर ती आवड नाही, ती पंगत वेगळी बसवणं आहे. आपल्याकडे पंगती वेगळ्या कशा बसायच्या आणि का बसायच्या हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको.

मी ५२ चा आहे. १९९४ साली अशोक राव कवींनी हमसफर ट्रस्ट, आपल्यासारख्यांसाठी काम करणारी मुंबईतली संस्था, सुरू केली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. त्या काळात उलट होतं बघा, कोणी बारीक झाला की लोक कुजबुजायचे, एड्सची इतकी भीती होती. तिकडे अमेरिकेत त्या आजारात अंग खंगायचं म्हणून डॉक्टर पेशंटना स्नायू भरणारे स्टेरॉइड द्यायचे, आणि भरलेलं पिळदार शरीर म्हणजे 'मी ठणठणीत आहे' असं दाखवायची खूण झाली. भीतीतून आलेली गोष्ट आहे ही. पुढे फोटोंतून, ॲपमधून इकडे आली तेव्हा भीती मागे राहिली आणि नुसतं मोजमाप आलं. आणि तिकडेच जाड, केसाळ मुलांनी ऐंशीच्या दशकात स्वतःला 'बेअर', म्हणजे अस्वल, म्हणवून वेगळे अड्डे केले, कारण त्यांना पण असंच बाजूला बसवलं होतं. म्हणजे तुझं दुखणं नवीन नाही आणि तुझ्यात काही खोट आहे म्हणून तर अजिबात नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, आपले संबंध गुन्हा नाहीत असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तेव्हा मी घरी एकटा बसून रडलो होतो. ज्यांना बाहेरच्यांनी बायल्या म्हणून हाकललं त्यांनीच प्रोफाइलवर 'नो फेम' लिहावं याचा मला खरंच त्रास होतो.

आम्ही चारपाच जण रविवारी सकाळी आठला तलावपाळीला चालतो, गडकरी रंगायतनच्या बाजूने सुरुवात करतो, मग मिसळ. ये. डबा मात्र पूर्ण खा बाबा.

खारघर_लिफ्टर

मी त्या दुसऱ्या ग्रुपसारख्याच एका ग्रुपमध्ये होतो म्हणून लिहितोय, मनावर दगड ठेवून.

बाहेरून सगळ्यांना वाटतं आम्ही मजेत. मी पार्टीच्या आधी दोन दिवस पाणी कमी प्यायचो, मीठ बंद, फोटोत पोट दिसावं म्हणून. मग जिममधल्या एकाने इंजेक्शनं आणून दिली, टेस्टोस्टेरॉनची. वर्षभर घेतली. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, अंडकोष लहान होतात, पाठभर पुरळ येतं, कोलेस्टेरॉल बिघडतं. आणि एवढं करून आरशात मी मला बारीकच दिसायचो. डॉक्टर म्हणाले याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, मनाचा आजार आहे, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात पण त्याची नोंद आहे. (कोणी घेत असाल तर एकदम स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांकडे जा, थांबवल्यावर खूप उदास व्हायला होतं, मी त्यातून गेलोय.)

दंडाला दुखापत झाली, तीन महिने जिम बंद, दहा किलो वाढलं. त्या ग्रुपमधून एकाचाही फोन आला नाही. म्हणून ऐरोलीला सांगतो, जिम लावून जे मागे येतात ते तितक्याच पटकन निघूनही जातात.

आणि कोपरखैरणे, मी पण कधीतरी कोणालातरी "जागा कमी आहे" असा मेसेज टाकलाय. तो तू नव्हतास, पण सॉरी.

कोपरखैरणेकर_२९

ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं सगळं, दोनदा. लिफ्टर, थँक्यू, तुझं वाचून राग थोडा उतरला, सगळा नाही. दादा, रविवारी येतो, पण मला फार जोरात चालता येत नाही हे आत्ताच सांगतो. आज डबा संपवला, भेंडीची भाजी होती.

स्पीकर परत मागितलाय. निळी खूण आलीये, उत्तर अजून नाही.

तलावपाळी_५२

आमच्यात एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्या वेगानेच सगळे चालतो. आठ म्हणजे सव्वाआठ धर.