प्रवर्तकाच्या पगारावर प्रवर्तकानेच मत द्यावं का?

मृण्मयी
ऑगस्ट 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या वार्षिक सभेत तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आणि प्रवर्तक (म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मुख्य भागधारक) सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा विशेष ठराव पडला. त्यात नफ्याच्या 3 टक्क्यांपर्यंत मानधनाची मुभा होती. 75 टक्के मतं हवी होती, सुमारे 27 टक्के विरोधात गेली. संचालक मंडळाने मर्यादा 1.5 टक्क्यांवर आणल्यावर मात्र भागधारकांनी होकार दिला. म्हणजे राग माणसावर नव्हता, आकड्यावर होता. आयशरची रॉयल एनफिल्ड त्यांनी सावरली हे कोण नाकारतंय? पण प्रवर्तकांच्या हातातली जवळपास निम्मी मतंही त्यात मोजली गेली. स्वतःच्या पगारावर स्वतः मत देता येऊ नये.

अभय
असहमत. ज्याची निम्मी मालकी, त्यालाच मत नाही? कंपनी बुडाली तर सगळ्यात जास्त त्याचंच जातं. संचालकांच्या मानधनावर कंपनी कायद्याच्या कलम 197 ची मर्यादा आहे. शिवाय 2019 पासून प्रवर्तक संचालकाचं मानधन 5 कोटी किंवा नफ्याचे 2.5 टक्के, यातल्या मोठ्या रकमेपुढे गेलं की शेअर बाजाराची नियामक सेबी विशेष ठराव मागते. आयशरमध्ये भागधारकांनी अडवलंच ना? अजून किती पहारे बसवणार?

मृण्मयी
तिथे म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांकडे भरपूर शेअर्स होते, म्हणून अडवता आलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत प्रवर्तकाला 75 टक्क्यांपर्यंत वाटा ठेवता येतो. तेवढा असेल तर विशेष ठराव तो एकटाच पास करतो! आणि लाभांश वाढला तर दहा शेअरवाल्यालाही मिळतो; पगार वाढला की फक्त त्याला.

निवृत्त बँकवाला
तुम्ही दोघंही रकमेवर अडलात. पैसे कधी हातात पडतात ते बघा. मार्चअखेर कर्जं वाटायची, टार्गेट गाठायचं, बोनस घ्यायचा, बदली. कर्ज एनपीए होतं, म्हणजे थकतं, तेव्हा खुर्चीत दुसराच. शाखेत हे होतं तसंच वरही होतं. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये खाजगी बँकांच्या प्रमुखांसाठी नियम केला: किमान निम्मं वेतन कामगिरीवर, त्यातलं किमान 60 टक्के लांबणीवर, तेही निदान तीन वर्षं, आणि घोळ निघाला तर दिलेलंही परत घ्यायची तरतूद. हेच सगळ्या मोठ्या कंपन्यांना लावा.

अभय
काका, हे पटलं. लांबणीवर टाका, परत घ्या, माझी हरकत नाही. पण मत काढून घेणं नको. उद्या दोन-चार फंड मॅनेजर मिळून चांगल्या माणसाला घालवतील.

मृण्मयी
मी नेमणुकीवरचं मत काढा म्हणतच नाही. नेमणुकीचा ठराव वेगळा, पगाराचा वेगळा. पहिल्यावर त्याने खुशाल मत द्यावं. आयशरमध्ये दोन्ही एकत्र बांधल्यामुळेच पगार नको म्हणणाऱ्याला नेमणुकीलाही नाही म्हणावं लागलं.