मदत हवी आहे : स्किझोफ्रेनिया असलेल्या भावासाठी सामाजिक कौशल्यांचा गट (सातारा / पुणे)

जाईजुई

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आजार सुरू झाला, आता तो तिशीत आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, आई स्वतः हातावर ठेवते. आवाज ऐकू येणं थांबलंय, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात हा संशयही गेलाय. डॉक्टर चांगले आहेत, वेळ काढून बोलतात. तेव्हा हा धागा औषधांसाठी नाही.

अडचण त्यापुढची आहे. तो माणसांत राहिलेला नाही. विचारलं तर उत्तर देतो, पण ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढंच. समोरच्याकडे बघत नाही. आवाज इतका बारीक की दुकानदार “काय म्हणालास?” असं परत विचारतो, आणि त्याने परत विचारलं की हा काही न घेता घरी येतो. पूर्वी क्रिकेटची टीम होती, कट्टा होता, त्यातलं आता कोणी फिरकत नाही. दिवसभर खोली, संध्याकाळी गच्चीवर एक फेरी. नातेवाईक म्हणतात आळशी झालाय. तसं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलंय. भास आणि संशय ही या आजाराची एक बाजू. उत्साह आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, बोलणं कमी होणं, लोकांना टाळणं ही दुसरी. औषधं पहिल्या बाजूवर चांगली चालतात, दुसरीवर फारशी नाहीत.

म्हणून या वेळी डॉक्टरांनी सुचवलं की याला सामाजिक कौशल्यं शिकवणाऱ्या गटात घाला. साताऱ्यात असा गट त्यांच्या माहितीत नाही, पुण्यात चौकशी करा म्हणाले.

आणखी एक कारण आहे. चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. गेली काही वर्षं तो कुठल्याच कार्याला आलेला नाही, पण या वेळी आपणहून म्हणाला, “मी येणार.” आईला काय आनंद झाला सांगू! नंतर जेवताना त्याने मला विचारलं, “ताई, तिथे कोणी विचारलं सध्या काय करतोस, तर काय सांगू?” मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न आपल्याकडे पानाला बसल्यापासून हात धुवेपर्यंत दहा जण विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीच नसतं.

तर मला हे जाणून घ्यायचंय. अशा गटात नेमकं करतात काय? ज्याला एका माणसाशी बोलणं जड जातं त्याला आठ जणांत बसवलं, तर ताण येऊन आजार उलटणार नाही ना? आईला वेगळी भीती आहे, की दुसऱ्यांचे भास ऐकून याचे पुन्हा जागे होतील. आठवड्यातून एकदा पुण्याला येणं पुरेल का? आणि तोपर्यंत घरी आम्ही काय करायचं?

मी थोडं वाचलं तर गोंधळ वाढलाच. कर्ट्झ आणि म्यूझर या संशोधकांनी २००८ साली अशा प्रशिक्षणाच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून १,५२१ रुग्ण, आणि निष्कर्ष चांगले निघाले. उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की हे प्रशिक्षण सरसकट देऊ नका. मग धरायचं काय? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहा.

धायरीकर

ताई, माझा मुलगा शुभार्थी आहे (आजार असलेल्याला आम्ही असं म्हणतो), म्हणजे मी शुभंकर, त्याची काळजी घेणारा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, सगळे ‘सा’ म्हणतात. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ साली सुरू केली. त्यांचं पुनर्वसन केंद्र धायरीत आहे. तुम्हाला सोयीचं म्हणजे साताऱ्याहून येताना स्वारगेटपर्यंत जायची गरज नाही, नवले पुलाशी उतरलात की धायरी जवळच. सध्या कुठला गट कुठल्या दिवशी असतो ते आधी फोन करून विचारा, थेट निघू नका. शुभंकरांचे स्वमदत गटही असतात, त्याला आईंना जरूर न्या. मला मुलापेक्षा आधी त्या गटाने सावरलं.

ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही १९९० पासून हे काम करते, पण तुम्हाला ते लांब पडेल. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात लिहून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रेवा

जाईजुई, मी मानसोपचार समाजकार्यकर्ती आहे आणि असे गट बरीच वर्षं घेते आहे. तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी सुचवलंय. भास-संशय जोरात असताना गट झेपत नाही, ते शांत झाल्यावरच सुरू करायचा असतो.

आधी आईंच्या भीतीबद्दल. हा गट मन मोकळं करायला बसण्याचा नाही, त्यामुळे भासांबद्दल तिथे फारसं कोणी बोलतच नाही. सहा ते आठ जण, दोन प्रशिक्षक, तासाभराची बैठक, ठरलेलं एकच कौशल्य. अमेरिकेत रॉबर्ट लिबरमन, ॲलन बेलॅक वगैरे मंडळींनी ही पद्धत बसवली. सुरुवात अगदी साध्या चार गोष्टींपासून होते : समोरच्याचं ऐकणं, विनंती करणं, आवडलं ते सांगणं, नाही आवडलं ते सांगणं. प्रत्येकीच्या तीन-चार पायऱ्या फळ्यावर लिहायच्या, प्रशिक्षकांनी आधी करून दाखवायचं, मग सदस्यांनी एकेक करून.

तुमच्या भावाचाच प्रश्न घ्या, कारण आमच्याकडे लग्नसराईच्या आधी तो हमखास येतो. फळ्यावर लिहितो : समोरच्याकडे बघायचं (डोळ्यांत बघणं जड वाटत असेल तर भुवयांकडे). एका वाक्यात उत्तर, खरं, पण आपल्याला सांगायचं तेवढंच. लगेच त्यांना आपण प्रश्न विचारायचा. नको झालं की निघायचं वाक्य. म्हणजे, “सध्या तब्येतीकडे लक्ष देतोय, घरचं बघतोय. तुम्ही कसे आहात काका, प्रवास नीट झाला ना?” आणि शेवटी, “येतो हां, आई बोलावतेय.” मी काका होते. पहिल्यांदा मुलगा फरशीकडे बघत पुटपुटतो. त्यावर गट आधी जमलं तेवढंच सांगतो : “एका वाक्यात उत्तर दिलंस, अडखळला नाहीस.” मग सुधारणा एकच, दोन नाही : “आता तेच, फक्त मान वर.” तो परत करतो. तिसऱ्या वेळी काका चिवट होतात, “ते ठीक आहे रे, पण नोकरीचं काय?” तिथे निघायचं वाक्य कामाला येतं. मग गृहपाठ : या आठवड्यात खऱ्याखुऱ्या एका माणसाला एक उलट प्रश्न विचारून यायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यानेच होते.

पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. नुसतं बसून बघणारे पुष्कळ असतात, आणि बघण्यातूनही शिकणं होतं. चौकशी करताना दोनच गोष्टी विचारा : प्रत्यक्ष करून घेता का, आणि गृहपाठ देता का? नुसती भाषणं असतील तर तो गट तुमच्या कामाचा नाही, कितीही नावाजलेला असो.

संशोधनाचा गोंधळ मला विरोधाभास वाटत नाही. २००८ च्या त्या अभ्यासात शिकवलेलं आत्मसात होण्यावर परिणाम मोठा दिसला. रोजच्या वावरावर आणि तुम्ही म्हणता त्या ‘दुसऱ्या बाजू’वर मध्यम. बाकीच्या लक्षणांवर आणि आजार उलटण्यावर लहान. नाइसने महत्त्वाचे मानलेल्या परिणामांवर ठोस फायदा दिसला नाही, म्हणून त्यांनी स्वतंत्र उपचार म्हणून सरसकट नको म्हटलं. आजार बरा करण्यासाठी गट नकोच, त्यासाठी औषधं आहेत. दुकानात, बसमध्ये, कार्यात वावरता यावं म्हणून गट हवा, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे.

आठवड्यातून दोनदा असेल तर उत्तम, पण एकदाही चालेल, घरी सराव होत असेल तर. काही महिने तरी द्यावे लागतात. साताऱ्यातच जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला भेटा. या कार्यक्रमात मानसोपचार समाजकार्यकर्त्याचं पद असतं. चार-पाच कुटुंबं एकत्र येऊन मागणी करतात तेव्हा गट उभा राहायला बळ मिळतं.

घरी काय कराल? दुकानात पाठवण्याआधी स्वयंपाकघरात तोच संवाद दोनदा म्हणा, तुम्ही दुकानदार व्हा. “काय म्हणालास?” हे मुद्दाम विचारा आणि त्यावर मोठ्याने परत सांगायचा सराव करा, कारण त्याचं अडतं नेमकं तिथे. प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, मधली जागा आपण भरून टाकतो. पाहुण्यांसमोर “अरे बोल की जरा” हे बंद. सतत टोकणाऱ्या, चिडणाऱ्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय.

एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारा. चेहरा थिजल्यासारखा दिसणं, चाल मंद होणं, हात थरथरणं हे औषधाच्या दुष्परिणामानेही होतं. बाहेरून सारखंच दिसतं, पण त्यावर इलाज वेगळा असतो. गोळी मात्र स्वतःहून कमी करू नका.

पारिजात

मी स्वतः शुभार्थी. भावाला विचारून मगच नाव घाला, एवढं पहिलं सांगतो. मला न विचारता नेलं होतं, बरेच दिवस मी कोणाशी बोललो नाही. गटात माझं पहिलं वाक्य होतं, “चहा फार गोड झालाय.” नाही आवडलं ते सांगण्याचा पाठ होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या वेळी चहा खरंच कमी गोड आला!

मला सगळ्यात उपयोग झाला तो चेहरे ओळखण्याचा. कोणी कपाळाला आठ्या घातल्या की मला वाटायचं माझ्यावर चिडलाय. गटात फोटो दाखवून विचारायचे, आणखी काय कारण असू शकेल? ऊन लागत असेल, डोकं दुखत असेल, चष्मा घरी राहिला असेल. अजूनही शंका आली की मी मनात तीन कारणं काढतो, आणि ओळखीचा माणूस असेल तर सरळ विचारतो. गटातले आम्ही तिघं अजून भेटतो. गोळ्यांनी वजन किती वाढलं यावर इतकं मोकळं दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. पारिजात, तुमचा प्रतिसाद मी भावाला वाचायला दिला आणि गटात यायचं का हे त्यालाच विचारलं. “एकदा बघून येऊ” म्हणाला. रेवाताईंचा संवादही त्याने वाचला. ‘आई बोलावतेय’ त्याला पटलं नाही, “मी लहान आहे का? पाणी घेऊन येतो म्हणेन.” तेच ठरलं. धायरीकर काका, उद्याच फोन करते.

एक राहिलं : गट चालू असताना आम्ही घरच्यांनी आत बसायचं का?

रेवा

बाहेर. घरचे समोर असले की मुलं त्यांच्याकडे बघून उत्तर देतात. पण बैठक संपल्यावर गृहपाठ काय आहे ते त्याच्यासमोर प्रशिक्षकांना विचारून घ्या. लग्नाचं ध्येय पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ते तिथून सुरुवात करतील. ‘पाणी घेऊन येतो’ माझ्या वाक्यापेक्षा चांगलं आहे, पुढच्या गटात वापरते. आणि लग्नाला पूर्ण दिवस थांबायचं की अक्षता आणि जेवण करून निघायचं, हे त्याच्याबरोबर आदल्या दिवशीच ठरवा. दमला तर बसायला एखादी शांत खोली बघून ठेवा, रात्रीची गोळी सोबत असू द्या.