मदत हवी आहे: बुटक्या घेवड्याची फुलं गळताहेत

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घरामागच्या काळ्या मातीत अर्का कोमल हा बुटका श्रावणघेवडा लावलाय. मांडव लागत नाही, शेंगा लवकर येतात, म्हणून मुद्दाम हाच निवडला. गणपतीनंतर बी टोकलं, उगवण छान झाली, झाडंही भरली.

पण ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि फुलं गळायला लागली. सकाळी टवटवीत दिसणारं फूल संध्याकाळी देठासकट खाली पडलेलं असतं. शेंग धरलीच तर वाकडी, टोकाकडे दाणा न भरलेली. ३०-३२ अंशांच्या वर या पिकाची फुलं टिकत नाहीत हे माहीत आहे, पण आपल्याकडे तेवढं ऊन तर नेहमीचंच! दुपारपुरती हिरवी शेडनेट बांधली तर फरक पडेल का?

दुसरं म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्यागार. पाणी बोअरचं, जड. बादलीला पांढरा थर बसतो. चुनखडीमुळे लोह मिळत नसावं असा माझा अंदाज. शेजारच्या काकांनी युरिया सुचवला, पण नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, म्हणून थांबलेय. चिलेटेड फेरसची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी फुलोऱ्यात चालते का?

सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या कुणी घरी घेवडा घेतला असेल तर पेरणी नेमकी कधी करता, तेवढं जरूर सांगा. हीच झाडं थंडीपर्यंत सांभाळू, की नोव्हेंबरात नवं बी टोकू?