ई-इंक रीडर: मागच्या पानाची भुतं आणि फुटलेली जोडाक्षरं – मदत हवी आहे

मंडळी, ६ इंची, ३०० पीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, आहे. पान उलटलं की आधीची अक्षरं पुसट दिसत राहतात. अर्धवट रिफ्रेशमध्ये (पडदा पूर्ण न पुसता नवं पान उमटवताना) पडद्यातले काळे-पांढरे कण पुरते जागेवर जात नाहीत, एवढं समजलं. दर पानाला पूर्ण रिफ्रेश लावला तर पडदा सारखा काळा लुकलुकतो. रात्री बायको वैतागते! तुम्ही किती पानांनी ठेवता?

खरा छळ दुसराच. मराठी ईपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये) ‘विद्यार्थी’तला रफार सुटा पडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाते. तीच फाइल फोनवर ठीक दिसते. मुक्ता, नोटो दोन्ही फॉन्ट घालून पाहिले, फरक शून्य. म्हणजे अक्षरजुळणी रीडरच्या सॉफ्टवेअरलाच जमत नाही का? दुसरं वाचन-अ‍ॅप टाकून कुणाचं सुटलंय? पीडीएफ सुचवू नका, एवढ्याशा पडद्यावर डोळे फुटतात.