‘स्वेल’ला उधाण म्हणायचं का?

कर्नाटकात मुल्कीला सर्फिंग शिकतोय. तिथला लाटांचा अंदाज मराठीत करून घरच्या ग्रुपवर टाकतो. काल ‘उद्या दीड मीटर उधाण’ असं लिहिलं, तर रत्नागिरीहून मामाचा फोन: “अरे, आज अष्टमी, भांगाचं पाणी. उधाण कुठलं काढलंस?” मग अंदाजातल्या ‘स्वेल’ला, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांना, काय म्हणायचं? ‘फुगवटा’ चालेल?

— फुगवटा धरणाचा असतो हो! कोयनेचा फुगवटा म्हटलं की डोळ्यांसमोर पाण्याखाली गेलेली गावं येतात. शब्दकोशात ‘फुगणे’ बघून शब्द पाडला की हे असं होतं.

— मामांचं बरोबर आहे. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान. ही चंद्राची कामं, तिथी बघून सांगता येतात. स्वेलला तिथी नसते. ती वाऱ्याचीच लाट, फक्त तो वारा इथला नव्हे. दक्षिण हिंदी महासागरात, ४० अक्षांशाच्या खाली वादळ झालं की तिथून निघालेल्या लाटा वादळ विरलं तरी चालत राहतात. १४ सेकंदांच्या, म्हणजे दर १४ सेकंदांनी एक येणाऱ्या, लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास सरकतो. मुल्की तिथून सहा हजार किलोमीटर धरलं तर सहा-साडेसहा दिवस. १८ सेकंदांच्या लाटा ताशी ५० ने, म्हणजे पाच दिवसांत. म्हणून लांब पल्ल्याची स्वेल येताना आधी मोठ्या सेकंदांच्या लाटा किनाऱ्याला लागतात आणि सेकंदांचा आकडा दिवसागणिक उतरत जातो. अंदाज बांधणाऱ्यांना हेच हाताशी असतं.
अशा लाटांचं पाणी किनाऱ्यावर चढतं, त्याला केरळात नेमका शब्द आहे: कळ्ळक्कडल. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि पाणी घरात. युनेस्कोने २०१२ मध्ये हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) इशारे देताना तो वापरतं. (आपल्याला तर ‘ळ’साठी अडायचंही कारण नाही.)

— मालवणात आमचे आजोबा एवढंच म्हणायचे, “वारो नाय, तरी दर्यो हलता.” वेगळं नाव ऐकलं नाही. मी ‘दूरची लाट’ लिहीन. बोलताना मात्र स्वेलच.

— ‘दूरची लाट’ आवडलं. समोर इथल्या वाऱ्याने उठलेली ‘वाऱ्याची लाट’ ठेवली की जोडी जमते. पण ‘दोन लाटांतलं अंतर १४’ असं लिहू नका, लोक मीटर समजतील. ‘१४ सेकंदांची लाट’ म्हणा. एक मीटरची ६ सेकंदांची लाट नुसती खळबळ करते, तीच १६ सेकंदांची असेल तर फळीसकट उचलून नेते.

— आणि ‘ऑफशोअर’ला, जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला?

— मतलई! भूगोलाच्या पुस्तकातले मतलई आणि खारे वारे विसरलात? पहाटे मतलई असतो तोवर लाट उभी राहून स्वच्छ फुटते, दुपारी समुद्राकडून खारा सुटला की सगळं विस्कटतं. पावसाळ्यात मात्र रात्रंदिवस समुद्राकडूनच वाहतो, त्याला खारा म्हणू नका; नैऋत्येचा म्हणा.

— मग आजचं असं टाकतो: ‘दूरची लाट दीड मीटर, १४ सेकंदांची, नैऋत्येकडून. नऊपर्यंत मतलई, मग खारा.’

— दीड मीटर ही सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, तेवढं खाली लिहा. अधूनमधून एखादी जवळपास दुपटीची येते.

— लिहिलं. मामाचं उत्तर: “म्हणजे भांग असला तरी होडी वर ओढायची.”