'तर', 'तरच' आणि व्यतिरेक

प्रश्न
'प्रवेशपत्र असेल तर प्रवेश मिळेल' आणि 'प्रवेशपत्र असेल तरच प्रवेश मिळेल' या दोन वाक्यांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात आणि कोणते नाहीत? शिवाय, व्यत्यास म्हणजे विधानाची उलटापालट हे ठाऊक आहे. उलटापालट करून दोन्ही भागांना नकार लावला, तर त्या विधानाला काय म्हणावं?

उत्तर
पहिल्या वाक्यात प्रवेशपत्र पुरेसं आहे. प्रवेश नाकारला गेला, तर प्रवेशपत्र नव्हतं, एवढं खात्रीनं म्हणता येतं. दुसऱ्या वाक्यात ते आवश्यक आहे, पण पुरेसं असेलच असं नाही. जो आत बसला आहे त्याच्याकडे प्रवेशपत्र आहे. ज्याच्याकडे नाही तो आत नाही. प्रवेशपत्र असूनही उशिरा आल्यामुळे कुणाला परत पाठवलं, तर दुसरं वाक्य खोटं ठरत नाही, पहिलं ठरतं.

'च' कुठे बसतो ते पाहा. 'प्रवेशपत्र असेल तर प्रवेश मिळेलच' यातला 'च' फक्त ठामपणा वाढवतो, अटीची दिशा बदलत नाही. 'तर'ला चिकटला की दिशा फिरते. 'प्रवेशपत्राशिवाय प्रवेश नाही' हे 'तरच'चंच दुसरं रूप.

संज्ञेबद्दल
अशा विधानाला गणितात कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. मला 'व्यतिरेक' जास्त पटतो, कारण न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेत, ही मांडणी आधीपासून आहे. तिथे दोन गोष्टींच्या न चुकणाऱ्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही अन्वयव्याप्ती, 'जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही' ही व्यतिरेकव्याप्ती. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पहिलीला स्वयंपाकघराचं उदाहरण आहे, दुसरीला जलाशयाचं. क्रम ध्यानात घ्या: आधी अग्नीचा अभाव, मग धुराचा. नुसते नकार लावून 'धूर नाही म्हणून अग्नी नाही' म्हटलं की चूक झाली. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीखेरीज ओलं इंधनही लागतं, असं नैयायिक (न्यायशास्त्राचे पंडित) याचं कारण देतात. हाच गोळा 'जिथे अग्नी तिथे धूर' हा व्यत्यासही मोडतो.

म्हणजे मूळ विधान आणि व्यतिरेक एकत्र खरे किंवा एकत्र खोटे. व्यत्यास आणि नुसत्या नकारांचं विधान ही दुसरी जोडी; तीही आपापसांत समान, पण मूळ विधानावरून सिद्ध होत नाही. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, तरी तो वेगळा सिद्ध करावा लागतो तो यामुळेच.

उपप्रश्न
व्यतिरेक खरोखर कामाला कुठे येतो?

उत्तर
√2 अपरिमेय असल्याच्या नेहमीच्या सिद्धतेत 'n² सम असेल तर n सम' ही पायरी लागते. n² कडून n कडे थेट जाणं अवघड वाटतं. व्यतिरेक घ्या: n विषम असेल तर n² विषम. n = 2k + 1 धरलं की n² = 4k² + 4k + 1 = 2(2k² + 2k) + 1. विषम आलं, काम झालं.

भर
अडचण बहुधा नकार लिहिताना येते. 'संख्येला 6 ने भाग जातो, तर 2 ने आणि 3 ने भाग जातो.' व्यतिरेकात 'आणि'चं 'किंवा' होतं: 2 ने भाग जात नाही किंवा 3 ने जात नाही, तर 6 ने जात नाही. इथे 'आणि' तसाच ठेवला तर येणारं विधान खरं असतं, पण अपुरं. 9 ला 3 ने भाग जातो, 2 ने नाही. ती संख्या या अपुऱ्या विधानातून निसटते.

तसंच, 'नाही' म्हणजे विरुद्धार्थी शब्द नव्हे. '10 पेक्षा मोठी'चा नकार '10 पेक्षा लहान' नसून '10 किंवा त्याहून लहान' आहे. 'गरम नाही' म्हणजे 'थंड' नाही, कोमटही चालेल.

मराठीत सर्वांत फसवं 'सगळे'. 'बस वेळेवर आली तर सगळे पोचतील' याचा व्यतिरेक लिहिताना 'सगळे पोचले नाहीत' म्हटलं, तर काहीजण 'एकही पोचला नाही' असं वाचतात. म्हणून 'निदान एकजण पोचला नाही, तर बस वेळेवर आली नव्हती' असंच लिहावं.

आणखी एक
संज्ञा वापरताना संदर्भ द्यावा. मराठी व्याकरणात 'व्यतिरेक' हा अलंकारही आहे, त्यात उपमेय उपमानापेक्षा श्रेष्ठ ठरतं. 'व्यतिरेक विधान' असं पूर्ण लिहिलं की गोंधळ होत नाही.