नाइस १९ म्हणजे उपासमार नव्हे
नाइस म्हणजे लिनक्समध्ये प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) दिलेला प्राधान्याचा आकडा; तो जितका मोठा तितकं प्राधान्य कमी, आणि १९ हा सगळ्यात मोठा. काही जण म्हणतात की नाइस १९ दिलं की दुसरं काम चालू असेतो त्या प्रोसेसला सीपीयू मिळतच नाही. तसं नाही. नाइस हा रांगेतला नंबर नसून वाटणीतला हिस्सा आहे. प्रत्येक नाइसला एक वजन असतं आणि त्या प्रमाणात सीपीयूचा वेळ वाटला जातो: ० ला वजन १०२४, ५ ला ३३५, १९ ला १५. एकाच कोअरवर ० आणि १९ अशा दोन प्रोसेस सतत पळत असतील तर १९ वालीला साधारण दीड टक्का वेळ मिळतो. थोडा, पण मिळतो. २००७ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२३ सोबत आलेला सीएफएस हा शेड्युलर, म्हणजे सीपीयूचा वेळ वाटणारा भाग, याच वजनांवर चालायचा, कर्नल ६.६ पासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा शेड्युलर आला, वजनं तीच राहिली. इतरांना खरंच अडवून धरतो तो रिअल-टाइम वर्ग, म्हणजे साध्या प्रोसेसच्या आधी सीपीयू मिळणाऱ्या प्रोसेसचा वर्ग; तो नाइसपेक्षा वेगळा.

खरी गोम ऑटोग्रुपची आहे, म्हणजे प्रत्येक सेशनमधल्या (साधारणपणे एका टर्मिनलमधल्या) प्रोसेसचा आपोआप एक गट करणाऱ्या कर्नलच्या सेटिंगची. ते चालू असेल तर नाइसची तुलना एकाच सेशनमधल्या प्रोसेसमध्ये होते. म्हणजे एका टर्मिनलमध्ये नाइस १९ वर कंपाइल आणि दुसऱ्यात साधं एन्कोडिंग लावलं, तर एका कोअरची वाटणी निम्मी-निम्मीच! माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती. नाइसचा परिणाम दिसत नसेल तर आधी हे सेटिंग बघा.